ग्रंथपालाची नवी अवजारे



काही वर्षांपूर्वी कामानिमित्त एका तालुक्याच्या गावी गेलो असता तेथील वाचनालयात डोकावण्याचा योग आला. कोणास देवळे पाहण्याची हौस असते, कोणास किल्ले पाहण्याची. मला पुस्तकांची कपाटे पाहण्याची जुनी खोड आहे. आत शिरताच उजव्या हाताच्या मेजावर काही एक वस्तू दिसली. तीवर भरतकामाचा रुमाल पांघरलेला होता आणि रुमालावर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती. प्रथम वाटले, बाजाची पेटी असावी. चौकशीअंती कळले की तो संगणक आहे. दसऱ्याला त्याची यथासांग पूजा झाली होती, आणि त्यानंतर त्यास कोणी हात लावला नव्हता. ग्रंथपाल मोठे सरळ गृहस्थ होते. ते म्हणाले, "शिकवायला माणसे आली होती हो. दोन दिवस शिबिर झाले, प्रमाणपत्रेही मिळाली. ते शिकवून गेले. पण आम्ही काही शिकलो नाही."

आमचे बोलणे चालू असतानाच एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. चाळीस किलोमीटर एस.टी.चा प्रवास करून ती आली होती. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका तिला हव्या होत्या. ग्रंथपालांनी कपाट उघडले, दोन गठ्ठे चाळले आणि मान हलविली. "बरं सर," एवढे बोलून ती परत गेली. आता यातील गंमत म्हणा अथवा दुर्दैव म्हणा, ते असे की आयोगाने आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका आंतरजालावर विनामूल्य ठेवलेल्या आहेत. म्हणजे तिला हवी असलेली वस्तू त्या रुमालाखालीच होती. तिच्या हातात भ्रमणध्वनीही होता. परंतु कोठे पाहावे हे तिला ठाऊक नव्हते आणि ज्यांनी सांगावयाचे त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

ग्रंथालयातील माणसे नवी साधने कशी शिकतात, आणि शिकविली तरी पुष्कळदा का शिकत नाहीत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नाही. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेल्या मुलामुलींना पुढे वाचावयास काही मिळाले नाही तर ती अक्षरे विसरून जातील, हे त्या चतुर राज्यकर्त्याने ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाचे एक अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञ बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डनसाहेब तेथे सुमारे तीन वर्षे होते. त्यांनी १९११ साली ग्रंथालयाचे काम शिकविणारा वर्ग काढला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा हा पहिलाच वर्ग गणला जातो. त्या काळचे नवे साधन म्हणजे कार्डांची तालिका. तोपर्यंत पुस्तकांची नोंद जाड वह्यांत होत असे. मध्ये नवे पुस्तक आले की वहीत जागा नाही, आणि वही भरली की पुन्हा पहिल्यापासून लेखन. कार्ड मात्र हवे तेथे घालता येते आणि हवे तेव्हा काढता येते. आज आपणांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण वहीवर हात बसलेल्या कारकुनास सुट्या कार्डांचा भरवसा वाटणे सोपे नव्हे. बडोद्याने केवळ कपाटे आणि कार्डे मागवून भागविले नाही. माणसे तयार केली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या तेथून खेडोपाडी जाऊ लागल्या, त्या या माणसांच्या जोरावर.

दुसरे उदाहरण डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली तिशी उलटल्यावर ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आरंभी या कामात त्यांचा जीव रमेना. पुन्हा वर्गात जाऊन गणित शिकवावे असेच त्यांना वाटे. पुढे विद्यापीठाने त्यांस शिक्षणासाठी लंडनला पाठविले. तेथे एका मोठ्या दुकानात मेकॅनो नावाचे लहान मुलांचे खेळणे त्यांच्या दृष्टीस पडले. थोड्याच पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडाल तशी नवी वस्तू तयार! पुस्तकांच्या विषयांचीही अशीच जोडणी का करू नये, या विचारातून त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती निघाली. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतील चौथे सूत्र. चाळीस किलोमीटर येऊन रिकाम्या हाती परत गेलेल्या त्या मुलीची आठवण झाली म्हणजे हे सूत्र मला फार टोचते.

आता अगदी अलीकडच्या काळात येऊ. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना संस्थानात शार्लट नावाचे शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात २००६ साली हेलेन ब्लोअर्स या बाईंपुढे आपल्या त्या ग्रंथपालांचाच प्रश्न उभा राहिला. आंतरजालावर रोज नवे साधन निघत होते. वाचक त्याबद्दल विचारीत आणि सेवकवर्ग गोंधळून जाई. बाईंनी व्याख्यानमाला ठेवली नाही. त्यांनी २३ लहान लहान गोष्टींची एक यादी केली आणि ती पुरी करण्यास नऊ आठवडे दिले. छायाचित्रे साठविण्याच्या स्थळावर एक चित्र चढवा. अनेक ठिकाणच्या बातम्या एकत्र आणणारे साधन वापरून पाहा. आपल्या आवडीच्या पाचसहा पुस्तकांची यादी जालावर मांडा. आणि काय जमले, काय फसले, हे स्वतःच्या रोजनिशीत सर्वांस वाचता येईल असे लिहा. परीक्षा नाही, गुण नाहीत. जो यादी पुरी करील त्यास गाणी ऐकण्याचे एक छोटे यंत्र बक्षीस. मोठमोठे हुद्देदार आणि पुस्तके कपाटात लावणारे नोकर एकच यादी घेऊन बसले. ही यादी कोणीही उचलावी अशी मोकळीक ठेवल्यामुळे देशोदेशीच्या शेकडो ग्रंथालयांनी ती आपापल्या परीने वापरली.

या हकीकतीचा उत्तरार्ध मला अधिक बोधप्रद वाटतो. त्या २३ गोष्टींतील कित्येक साधने आज अस्तित्वात नाहीत. बातम्या गोळा करणारे ब्लॉगलाइन्स गेले. खुणा साठविणारे डेलिशस गेले. मग ते नऊ आठवडे वाया गेले काय? मुळीच नाही. अनोळखी साधनास हात लावावा, चुकल्यास मागे फिरावे, शेजाऱ्यास विचारावे आणि समजले ते टिपून ठेवावे, ही सवय त्या माणसांना लागली. अवजार मोडले तरी हातातील कसब राहते, हे आपला कोणताही सुतार सांगेल.

मोठ्या शहरांना हे सर्व शक्य असते, आपल्यासारख्या आडबाजूस कोठून जमणार, अशी शंका कोणी घेईल. त्यास न्यूझीलंडचे उत्तर आहे. त्या देशात होरोव्हेनुआ नावाचा एक ग्रामीण भाग आहे. तेथील लहानशा ग्रंथालय-संस्थेची जुनी संगणकप्रणाली १९९९ साल संपताच निकामी होणार होती, आणि नवी विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी एका छोट्या मंडळीकडून नवी प्रणाली लिहवून घेतली, २००० सालच्या जानेवारीच्या आरंभी ती वापरात आणली आणि सर्व जगास फुकट देऊन टाकली. तिचे नाव 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आहेर. आज आपल्या देशातील कितीतरी महाविद्यालये आणि ग्रंथालये याच कोहावर पुस्तकांची देवघेव करतात. आहेर घेतला म्हणजे परतीचा आहेर करावा लागतो, हा आपल्याकडचाही रिवाज आहेच. या प्रणालीत मराठी शब्द घालणे, तीतील चुका दाखविणे आणि दुसऱ्यास ती शिकविणे, हा आपला परतीचा आहेर होय.

येथवर बडोदे झाले, शार्लट झाले, न्यूझीलंडही झाले. आता आपल्या ऊर्जानगरात येऊ.

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी गेलेली आहे. म्हणजे आपल्या परिसरातील वीज पाऊण हजार किलोमीटरवरील दिवे लावू शकते. दुसऱ्या बाजूस येथून मोहर्लीकडे, ताडोबाच्या अरण्याकडे रस्ता जातो. २०२२ सालच्या फेब्रुवारीत या परिसरात वाघ आणि बिबट्या यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. दिवे लागल्यावर मुलांस एकटे बाहेर पाठविताना येथील आईबापांचा जीव वरखाली होतो. अशा ठिकाणी ग्रंथालयाची वेळ सायंकाळी पाच ते आठ आहे, एवढे फलकावर लिहून काम भागत नाही. ग्रंथालयाचे दार घरापर्यंत नेता आले पाहिजे, आणि ते नेणारा माणूस शिकलेला असला पाहिजे.

समजा, येथील एखाद्या शाळकरी मुलास आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर निबंध लिहावयाचा आहे. तो आंतरजालावर 'चंद्रपूर' हा शब्द घालतो. पर्यटनाची शेकडो पाने येतात. जुना इतिहास हाती लागत नाही. का? कारण जुन्या कागदांत चंद्रपूर नाहीच. तेथे आहे 'चांदा'. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले. मध्यप्रांताच्या सरकारने १९०९ साली छापलेले गॅझेटियर चांदा जिल्ह्याचे आहे. सिरोंच्याची माहिती हवी असेल आणि ती १८७४ च्या पूर्वीची असेल, तर तीही चांद्यात सापडावयाची नाही. कारण तोवर अप्पर गोदावरी नावाचा जिल्हाच निराळा होता. आणि गडचिरोलीवरील १९८२ पूर्वीचा कागद चंद्रपुरात किंवा चांद्यात शोधावा लागतो; कारण गडचिरोली जिल्हा त्या वर्षीच्या २६ ऑगस्टला वेगळा झाला. इंग्रजी अक्षरांत चांदा लिहावे तर यंत्र चंदा, म्हणजे वर्गणी, पुढे करते! शोधयंत्र क्षणात कोट्यवधी पाने चाळते, हे खरे. परंतु कोणता शब्द घालावा, हे ज्यास या मातीची ओळख आहे तोच सांगू शकतो. जुन्या ग्रंथपालाची विद्या येथे कालबाह्य होत नाही. उलट तिचे मोल वाढते.

मराठी पुस्तकांच्या तालिकेची कथा याहून नाजूक आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली आणि पुढे ती १९५० पर्यंत आणली. गावोगावची ग्रंथालये धुंडाळून एका माणसाने केलेले हे काम आहे. त्या कामाचा प्राण म्हणजे नोंदीची शिस्त. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे आपणांस माहीत. यंत्रास कोणी सांगितल्याशिवाय ते कळत नाही. एका नोंदीत 'खांडेकर, वि. स.' आणि दुसरीत 'विष्णू सखाराम खांडेकर' असे लिहिले की यंत्राच्या लेखी दोन ग्रंथकार झाले. किंबहुना आद्याक्षरांमधील जागा कमीअधिक झाली तरी घोटाळा होतो. त्यात पूर्वी प्रत्येक मुद्राक्षर-संचाची आपापली सांकेतिक लिपी असे. अशा अक्षरांत टंकलेली तालिका दुसऱ्या संगणकावर उघडली की 'ज्ञानेश्वरी'च्या जागी निरर्थक खुणांचा ढीग दिसे. आता युनिकोडमुळे सर्व यंत्रांस देवनागरीची एकच खूण कळते. पण जुन्या हजारो नोंदी युनिकोडात आणून त्या मूळ पुस्तकाशी ताडून पाहणे, हे माणसाचेच काम आहे.

मराठी वाचकास जालावर मिळते तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. मराठी विश्वकोश तेथे वाचता येतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके विनामूल्य मिळतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके मिळतात. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशास अर्पण झाले. विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात ठेवलेले आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, आणि तेथे आपल्या गावाविषयीचा लेख आपणच सुधारू शकतो. भामरागड-एटापल्लीकडील काही गावांत अद्याप भ्रमणध्वनीची लहर नीट पोचत नाही. तेथे जाणाऱ्या शिक्षकाच्या हाती यांतील निवडक सामग्री बोटभर आकाराच्या साठवणीत भरून देता येते. बडोद्याची लाकडी पेटी आता खिशात मावते, एवढाच फरक.

परंतु जे जे मिळते ते ते घ्यावे, असेही नाही. कोणा लेखकाचे नवे पुस्तक चोरून उतरवून भ्रमणध्वनीवर वाटले जाते, तेव्हा ग्रंथपालाने त्यास हात लावता कामा नये. आपल्या कायद्याने लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे त्याचा हक्क चालतो, हे त्यास माहीत हवे. तसेच, विचारताच उत्तर देणारी बोलकी यंत्रे आता घरोघर आली आहेत. ती मोठ्या आत्मविश्वासाने कधी कधी अशा पुस्तकांची नावे सांगतात, जी कोणी लिहिलेलीच नाहीत. वाचक ते नाव घेऊन ग्रंथालयात येतो. तेव्हा त्याला न हसता, तालिका उघडून, "पाहू या, हे पुस्तक आहे तरी का," असे म्हणणारा माणूस समोर लागतो.

असा माणूस घडावयाचा कसा? येथे मी आपणा ऊर्जानगरवासीयांस एक साधा प्रश्न विचारतो. ५०० मेगावॉटचा संच चालविणाऱ्यास दोन दिवसांचे व्याख्यान ऐकवून आणि प्रमाणपत्र देऊन आपण नियंत्रण-कक्षात एकटे बसवितो काय? नाही. त्यास जाणत्याच्या शेजारी बसवितो, पुनःपुन्हा हात फिरवू देतो, मगच जबाबदारी देतो. ग्रंथालयातील चुकीने दिवे जात नाहीत, म्हणून आपण तेथे हा विचार करीत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली चालणारी सार्वजनिक ग्रंथालये दहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतील पुष्कळ गावांत ग्रंथपाल, लेखनिक आणि शिपाई हे तिन्ही एकच व्यक्ती असते, आणि तिचे वेतन अनुदान येईल तेव्हा होते. झाडलोट, देवघेव, वर्तमानपत्रे आणि वर्गणी यांतून उरलेल्या वेळात तिने नवी साधने शिकावी अशी आपली अपेक्षा. उरलेला वेळ म्हणजे कोणता, हे मात्र कोणी सांगत नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. कार्यकारी मंडळांनी आठवड्यातील दोन तास कामाच्या वेळेतच शिकण्यासाठी राखून द्यावे. शिकताना पाठ्यक्रम नको. त्या आठवड्यात जो प्रश्न अनुत्तरित राहिला तोच घ्यावा. दोघांनी मिळून बसावे, आणि जे सापडले ते एका वहीत मराठीत लिहावे, म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे वडीलधाऱ्याने धाकट्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. माझ्या अनुभवाने सांगतो, यंत्राच्या भीतीपेक्षा हसे होण्याची भीती माणसास अधिक मागे ओढते.

त्या तालुक्याच्या गावी वर्षभराने पुन्हा जाण्याचा प्रसंग आला. संगणकावर रुमाल नव्हता. ग्रंथपाल चष्मा कपाळावर चढवून बसले होते, आणि बाजूस उभा राहून वाचनालयाचा तरुण शिपाई सांगत होता, "सर, तिथं नाही, उजवीकडं दाबा." मला पाहून ग्रंथपाल किंचित लाजले. मग मेजाच्या खणातून त्यांनी एक शंभर पानी वही काढून दाखविली. पहिल्या पानावर तारीख होती, ती मी प्रथम आलो होतो त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्याखाली लिहिले होते, 'आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका : कोठे मिळतात', आणि पुढे एकेक पायरी क्रमाने दिलेली. "ती मुलगी?" मी विचारले. "पुन्हा आली नाही," ते म्हणाले. "पण तिच्यानंतर तेरा जण येऊन गेले. प्रत्येकाचं नाव मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे."

आपल्या गावच्या वाचनालयात उद्या गेलात, तर संगणकावर रुमाल आहे का ते पाहा. आणि असल्यास तेथील ग्रंथपालांस दोष देण्यापूर्वी, त्यांना शिकावयास वेळ कोणी दिला आहे काय, एवढे अवश्य विचारा.